चांगुणाबाईचे तीन इंग्रजी शब्द

या मंडळी, असे जवळ येऊन बसा. मागच्यांनीही पुढे सरका, सतरंजी सगळ्यांची आहे. आज तुम्हाला एका भित्र्या बाईची गोष्ट सांगतो. गोष्ट नीट ऐकलीत तर घरी गेल्यावर स्वयंपाकघरातला एखादा डबा तुम्ही हातात घेऊन बघाल, एवढं माझं वचन.

आपलं महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. वडनेर भोलजी गावात मोतीराम नावाचा एक माळवं पिकवणारा शेतकरी राहत होता. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर. त्याच्या बायकोचं नाव चांगुणा. ही बाई सगळ्यांना भ्यायची. सासू जनकाबाईला भ्यायची, नवऱ्याच्या खोकल्याला भ्यायची, आणि सगळ्यांत जास्त भ्यायची ती रंगराव पाटलाला. कारण मोतीरामाच्या वांग्याला पाणी यायचं ते रंगरावाच्या विहिरीवरच्या इंजिनाचं. पाटलाने पाण्याच्या दांडाचं, म्हणजे पाटाचं तोंड दुसरीकडे वळवलं, की चार दिवसांत वांगी माना टाकणार, हे तिला लग्न झाल्यापासून ठाऊक होतं.

आणि त्या वर्षी तिला एक नवीनच भीती लागली होती. ती इंग्रजी शिकत होती!

हसू नका. गावात सिंधूताई नावाच्या ग्रामसेविका आल्या होत्या. लोणारकडच्या, सुलतानपूरच्या. बौद्ध घरातल्या, मॅट्रिक झालेल्या, वय तिशीच्या आतबाहेर. दर बुधवारी शाळेमागच्या खोलीत त्या महिला मंडळाच्या बायकांना स्वयंपाक शिकवायच्या. बालवाडीच्या लेकरांसाठी सरकारकडून दुधाची पावडर यायची, तिचा शिरा करायचा, शेंगदाण्याचे लाडू करायचे. पण सिंधूताईंची एक अट होती. जे काम करायचं, त्याचं नाव आधी इंग्रजीत म्हणायचं.

"वॉश म्हटल्याबिगर तांदळाला पाणी लागणार नाही," त्या सांगायच्या. "म्हणा!"

"वॉश!" बायका म्हणायच्या आणि हसून लोळायच्या.

वांगं चिरताना कट. पाण्याला आधण आलं की बॉइल. मीठ जास्त पडलं की टू मच सॉल्ट. रुक्मिणीबाई नावाची एक थट्टेखोर बाई होती, तिने घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, "तुमी टू मच सॉल्ट हा!" त्याला वाटलं बायको कौतुक करते आहे. दिवसभर ऐटीत फिरला बिचारा.

"बाई, हिंगाले काय म्हनतात इंग्रजीत?" कुणीतरी विचारलं.

"मला बी ठावं नाही," सिंधूताई म्हणाल्या. "विचारून सांगते."

मला तर त्यांचं हे उत्तर फार आवडतं. शिकवणाऱ्याने असं म्हणावं.

अक्षरं त्या परातीत शिकवायच्या. परातीत पीठ पसरायचं आणि बोटाने अक्षर काढायचं. पावडरीच्या पोत्यावर जे छापलेलं असेल तेच पिठात उतरवायचं. "हे बघा, फूड. फूड म्हणजे अन्न. एक खांब त्याला दोन फांद्या, मग शेजारी शेजारी दोन भाकरी, शेवटी एक अर्धी भाकर." फॉर म्हणजे साठी, तेही पोत्यावरच होतं. आणि नॉट म्हणजे नाही. तो शब्द त्यांनी संडास धुवायच्या फिनेलच्या बाटलीवर दाखवला होता. "ही बाटली पिऊ नका असं लिहिलंय. नॉट दिसला की हात मागं घ्यायचा."

एकदा रुक्मिणीबाईने विचारलं, "पण बाई, आमाले कायले पाहिजे हे? आमी काय कलेक्टर होनार हाओत?"

सिंधूताईंनी हातातली पळी खाली ठेवली.

"तुमच्या आईच्या चुलीपाशी जे येत होतं, ते शेतातून येत होतं. तिला ते बघून कळायचं. आता तुमच्या चुलीपाशी पोतं येतं, डबा येतो, बाटली येते. ती कुठून आली ते तुम्हाला ठावं नाही. पाठवणाऱ्यानं त्याच्यावर तुमच्यासाठी काहीतरी लिहून ठिवलंय. तो तुमच्याशी बोलतोय बायांनो, आन तुम्ही त्या पोत्यानं भुई पुसताय!"

पण मंडळी, खरं सांगायचं तर ऐकण्यापलीकडे फारसं काही झालं नाही. त्याच बायका सिंधूताईंच्या हातचे लाडू पदरात बांधून न्यायच्या आणि वाटेत गाईपुढे टाकायच्या. शिकायला चालायचं, खायला चालायचं नाही. सिंधूताईंना ते दिसत होतं. त्या पुढच्या बुधवारी पुन्हा लाडू वळायच्या.

चांगुणाबाईही त्यातलीच एक. ती फक्त घरी एकटी असली, की पिठाच्या परातीत बोट फिरवायची आणि पावलांचा आवाज आला की झटकन पीठ सपाट करायची. एकदा जनकाबाईने पकडलंच.

"काय करून राह्यली वं?"

"काही नाही आत्याबाई. किडे पाहून राह्यली."

"किडे तुह्या डोक्शात पडले! चुलीले इंग्रजी समजते काय? त्या बाईच्या नादी लागून घर बाटवशीन एक दिवस."

चांगुणा दोन बुधवार गेली नाही. तिसऱ्या बुधवारी मात्र भीत भीत पुन्हा गेली.

चैत्रात मारुतीच्या देवळात नामसप्ताह बसला. सात दिवस पहाटे काकडा, दुपारी पारायण, संध्याकाळी हरिकीर्तन. आणि हनुमान जयंतीला काल्याचं कीर्तन होऊन गावजेवण. जळगाव जामोदचे इंद्रभानबुवा कीर्तनाला आले होते. काय त्यांचा आवाज! बुवांनी हात वर करून नाम घेतलं की टाळकऱ्यांच्या अंगात वारं शिरायचं.

त्या वर्षी भंडाऱ्याची ज्वारी रंगराव पाटलाने एकट्याने दिली. माणूस दिलदार होता, हे आधीच सांगून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी हायब्रीड ज्वारीचं बियाणं नवंनवं आलं, तेव्हा त्याने गावासाठी पुष्कळ मागवलं होतं. निम्म्या लोकांचा विश्वास बसला नाही, बियाणं तसंच पडून राहिलं. आता ते पेरून उगवेना. टपोरे दाणे, टाकवेनात! त्याने ते तीन पाण्यांनी धुतले, घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर वाळवले आणि दळून पीठ देवळात पाठवून दिलं. बियाण्याच्या पिशव्यासुद्धा वाया घालवल्या नाहीत. छान जाड कापड. उसवून, धुऊन, भाकरी झाकायला फडकी म्हणून पाठवली. आपल्याकडे अशी काटकसर कोण करत नाही?

पहाटेपासून देवळामागे वीस चुली पेटल्या होत्या. जनकाबाई सगळ्या भाकरीवाल्या बायकांची मुखत्यार. वांग्याची भाजी मोठ्या कढईत शिजत होती. आणि रीत अशी, की नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी कण तोंडात घालायचा नाही. भाजीत मीठ पडलं की नाही हेसुद्धा वासावरून ओळखायचं. म्हणून इतक्या वेळात एकाही माणसाने ती भाकर चाखली नव्हती.

ऊन डोक्यावर आलं. पुढे कीर्तन रंगात आलं होतं. चांगुणाबाई भाकरींचं टोपलं उचलायला वाकली आणि तिची नजर वरच्या फडक्यावर पडली. धुऊन फिकट झालेली निळी अक्षरं होती. एक खांब, दोन फांद्या. शेजारी शेजारी दोन भाकरी. अर्धी भाकर.

फूड! तिला आधी आनंद झाला हो. आपल्याला वाचता आलं! मग तिने मागचा शब्द लावला. फॉर. त्याच्याही मागे एक होता. तो तिने ओठ हलवून वाचला आणि तिचा हात आपोआप मागे आला.

नॉट.

नॉट फॉर फूड.

आपण चुकलो असू, ती मनात म्हणाली. मागे दुसरं काही असेल. तिने दुसरं टोपलं पाहिलं. तेच. तिसरं पाहिलं. तेच!

"आत्याबाई," ती जनकाबाईजवळ गेली. "ह्या पिशव्या कायच्या होत्या वं?"

"बियान्याच्या. काऊन?"

"आन पीठ?"

"त्याच दान्याचं. तीन पान्यानं धुतले म्हने रंगरावानं. काऊन इचारते?"

"यावर लिहिलं हाये... खायासाठी नाही असं लिहिलं हाये."

जनकाबाईने भाकर थापता थापता मान वर केली. डोळे असे की चांगुणाने पदर तोंडावर घेतला.

"चूप! देवाच्या अन्नाले वंगाळ बोलते? कोणं सांगतलं तुले, त्या बाईनं? पाटलाच्या कानावर गेलं त उद्या वांग्याले पानी कोन देईन, तुहा इंग्रजी बाप?"

चांगुणा परत चुलीपाशी येऊन बसली. पिठाचा गोळा हातात घेतला. पण तो परातीत ठेवायला हात धजेना. आपण आतापर्यंत किती भाकरी थापल्या? साठ? सत्तर? हाताला पीठ लागलं होतं, ती ते पदराला पुसायला लागली, पुसतच राहिली. पुढे बुवांचा आवाज चढला, टाळ्या झाल्या. वाढपी टोपली उचलून नेऊ लागले. रीतीप्रमाणे पहिली पंगत लेकरांची. दीडशे लेकरं पत्रावळी पुढे घेऊन बसली होती, एकमेकांना कोपरं मारत. पत्रावळीवर भाकर पडत होती. आता नैवेद्य, मग जयघोष, आणि मग पहिला घास.

मंडळी, त्या बाईच्या जागी क्षणभर बसून बघा. बोलावं, आणि आपण चुकलेलो असलो, तर गावाच्या देवाचा अपमान, पाटलाचा अपमान, वांगी वाळली, घर उठलं. न बोलावं, आणि आपण बरोबर असलो, तर? तिला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता. तिला येत होते तेच मुळी मोजके शब्द!

तिने टोपल्यावरचं फडकं ओढलं आणि ती पळाली.

सिंधूताई देवळाच्या आवाराबाहेर, लिंबाखाली बसून कीर्तन ऐकत होत्या. दरवर्षी तिथेच बसायच्या त्या. चांगुणाने फडकं त्यांच्या मांडीवर टाकलं.

"बाई, वाचा. मी चुकली म्हना बाई. चुकली म्हना!"

सिंधूताईंनी फडकं उन्हात धरलं. त्या तीन शब्दांखाली आणखी एक ओळ होती, जवळजवळ पुसलेली. ती वाचता वाचता त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"बियाण्याला औषध चोळलंय. विष हाय हे. किती जणांनी खाल्लं?"

"कोनीच नाही. निवद व्हायचा हाये."

"पळ!"

दोघी धावल्या. आवाराच्या उंबरठ्याशी मात्र सिंधूताईंचे पाय थबकले. भंडाऱ्याच्या दिवशी त्या उंबऱ्याच्या आत त्यांना कुणी कधी बोलावलं नव्हतं. चांगुणाने मागे वळून पाहिलं, त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि ओढत आत नेलं.

नैवेद्याचं ताट उचललं गेलं होतं. घंटा वाजत होती. पंगतीतल्या एका चिमुरडीला धीर नव्हता, तिने भाकरीचा तुकडा मोडून हातात धरला होता.

"थांबा!"

सगळ्या गावाने माना वळवल्या. कोण ओरडलं ते कुणाला कळेना, कारण चांगुणाबाईचा आवाज गावाने आजवर ऐकलाच नव्हता.

"खाऊ नोका! कोनी खाऊ नोका! भाकरीत विष हाये!"

टाळ थांबले. घंटा थांबली. चांगुणाने त्या पोरीच्या हातातला तुकडा काढून घेतला. आणि रंगराव पाटील उठला.

"कोन म्हनते माह्या भाकरीत विष हाये?" तो गरजला. "मोतीराम, तुह्याच घरची ना बे ही? माह्या पान्यावर जगता आन माह्याच अन्नात विष काढता?"

मोतीराम खाली बघत उभा राहिला. चांगुणाने फडकं पुढे धरलं.

"मी नाही म्हनत पाटील. यावर लिहिलं हाये."

"इंग्रजी शिकली वाटते!" कुणीतरी मागून म्हणालं. दोघे-चौघे हसले.

"तीन पान्यानं धुतली हाये ज्वारी!" रंगराव म्हणाला. "सत्त्व पाहाचं हाये? पाहा. मी खाऊन दाखोतो साऱ्यायच्या समोर." आणि त्याने पत्रावळीवरची एक भाकर उचलली.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून एक हात आला आणि त्याने पाटलाचं मनगट धरलं. ती त्याची बायको होती, पुष्पाबाई. चारचौघांत नवऱ्यासमोर कधी उभी न राहिलेली.

"नोका खाऊ," ती म्हणाली. "धाब्यावर ज्वारी वाळू घातली होती ना, तिच्यावर पारवे उतरले होते. दुसऱ्या दिशी चौदा पारवे मरून पडले होते. म्या झाडून उकिरड्यात टाकले."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"भेव वाटलं. तुमी देवाले देऊन राह्यले होते. म्या कशी म्हनू?"

पाटलाच्या हातातून भाकर खाली पडली. दीडशे लेकरांकडे त्याने एकदा पाहिलं, त्यात त्याची स्वतःची नात होती. मग तो भरल्या पंगतीत मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. "मी त पुण्य करून राह्यलो होतो रे... पुण्य करून राह्यलो होतो..."

इंद्रभानबुवा वीणा टाळकऱ्याच्या हाती देऊन खाली आले. त्यांनी पाटलाच्या पाठीवर हात ठेवला.

"रंगराव, तुझा भाव देवानं पाहिला. पण लेकरांचं पोट भाव पाहत नाही रे, घास पाहते. आन गावकरी हो, मलेही आज लाज वाटते. तीस वर्षं मी बाया समोर बसवल्या आन सांगतलं, ऐका, ऐका. बोला, असं कधी सांगतलं नाही! दोघी जनींनी काही पाह्यलं होतं. दोघी भ्यायल्या होत्या. एकीचं भेव घटकाभर अजून टिकलं असतं, त आज या आवारात काय पाहाची पाळी आली असती? ज्या भयापायी खरं बोलवत नाही, ते भय देवाचं नव्हे. ते आपन घातलेलं हाये!"

एक एक पत्रावळ गोळा झाली. देवळामागे कमरेइतका खड्डा खणला, पहिली कुदळ पाटलानेच मारली, आणि गुरंसुद्धा उकरणार नाहीत अशा बेताने भाकरी, पीठ, फडकी सगळं चुना घालून पुरलं. ताटं-पराती राखेने तीनदा घासल्या. बायका घरोघर धावल्या आणि पदरात, सुपात, मिळेल तेवढं पीठ घेऊन आल्या. बुवांनी कीर्तन पुन्हा उभं केलं आणि दोन तास भुकेल्या लेकरांना बालकृष्णाच्या खोड्या सांगून रमवलं. सिंधूताई बाजूला उभ्या होत्या. रुक्मिणीबाईने आपली परात त्यांच्याकडे सरकवली. "वॉश करा हात, आन बसा," ती म्हणाली. सिंधूताई बसल्या. त्यांनी थापलेल्या भाकरी लेकरांनी खाल्ल्या, पाटलाने खाल्ल्या. जनकाबाईने खाल्ल्या नाहीत. खोटं कशाला सांगू? म्हातारीला आणखी वर्ष लागलं.

चांगुणाबाई चार दिवस झोपली नाही. इंजिनाचा आवाज येतो का म्हणून ती पहाटे कान लावून पडायची. पाचव्या दिवशी सकाळी दारात पाटीलच उभा! तिचा जीव उडाला. पाटलाच्या हातात एक डबा होता, पिकावर फवारायच्या औषधाचा.

"चांगुनाबाई," पाटील चप्पल काढून उंबऱ्याशी उभा राहून म्हणाला, "रिकामा हाये. आमच्या घरची तेल ठेवाले घेनार होती. एवढं वाचून दे."

चांगुणाने डबा हातात घेऊन फिरवला. "मले सारं नाही येत पाटील," ती म्हणाली. "पन नॉट हाये यावर. दोन जागी हाये. चला, बाईले विचारू."

त्या बुधवारी शाळेमागच्या खोलीच्या पायरीवर वडनेरचा पाटील बसला होता आणि आत बायका पिठात अक्षरं काढत होत्या. पुढच्या बुधवारी आणखी चौघे आले. वांग्याचं पाणी? ते एक दिवसही बंद झालं नव्हतं. ती भीती फक्त चांगुणाबाईच्या मनात वाहत होती.

तर मंडळी, यातून घ्यायचं ते एवढंच. जे पोटात जाणार, त्यावर काय लिहिलं आहे ते वाचायला शिका. स्वतःला येत नसेल तर येणाऱ्याला विचारा, मग तो कुठल्याही घरचा असो. विषारी औषधाचा डबा, पिशवी, बाटली कितीही चांगली दिसली, तरी घरात वापरू नका. बियाणं उरलं तर धुऊन खाऊ नका. आणि तुमच्या घरातली कुणी बाई काही सांगायला ओठ उघडत असेल, तर तिला आधी पुरतं बोलू द्या!

सिंधूताईंची वर्षभराने बदली झाली. पुढे त्यांनी बऱ्याच गावांत परातीत पीठ पसरलं, आणि बऱ्याच गावांत लोकांनी त्यांना उंबऱ्याबाहेर पाणी दिलं. त्यांची तसबीर कुठे नाही, नाव कुठल्या पाटीवर नाही. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, आज घरी जाऊन पानावर बसाल, देवाचं नाव घ्याल, तेव्हा पहिल्या घासाआधी एकदा सिंधूताईंचंही नाव घ्या.